पसारा, बुधवारचा गट आणि घरी येणारी मदतनीस: माझा अनुभव

गेल्या वर्षी फेब्रुवारी ते मे मी इथे कॅलिफोर्नियात, फ्रिमाँटच्या जवळ, 'बरीड इन ट्रेझर्स' या वर्कशॉपला जात होते. वस्तू टाकवत नाहीत आणि घर भरत जातं, अशा माझ्यासारख्या माणसांसाठीचं ते वर्कशॉप. दर बुधवारी संध्याकाळी दोन तास, अशा १६ बैठका. चौथ्या आठवड्यापासून वर्कशॉप घेणाऱ्या संस्थेची एक मदतनीस आठवड्याआड घरी यायची, दोन-दोन तासांच्या ८ भेटी. दोन्हींबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्यासारख्या बायका आपल्यात आहेत हे मला पक्कं ठाऊक आहे. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला छान नेसून येतात, डबा भरून पदार्थ आणतात, पण घरी कुणाला बोलावत नाहीत. मी नऊ वर्षं कुणाला बोलावलं नव्हतं.

आधी शब्दाचं सांगते. इंग्रजीत या दुखण्याला होर्डिंग म्हणतात. मराठीत होर्डिंग म्हटलं की रस्त्यावरचा जाहिरातीचा फलक डोळ्यांपुढे येतो, आणि साठेबाजी म्हटलं की गोदामात साखर दडवणारा व्यापारी. त्यामुळे बहिणीला फोनवर सांगताना मी 'साठवण्याचा आजार' म्हटलं. ती म्हणाली, "अगं, मग तो आपल्या आईलाही होता." तसं नव्हतं, आणि का नव्हतं ते मला या गटात बसल्यावर कळलं.

आम्ही गिरगावच्या चाळीतले. दोन खोल्या, सात माणसं. आईनं काही टाकलं नाही हे खरंच. दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत असायच्या, वाण्याच्या पुडीचा दोरा रिळाला गुंडाळला जायचा. पण वस्तू आमच्याकडे मुक्कामाला राहत नसे. महिन्याला रद्दीवाला यायचा, डबे-बाटल्या भंगारवाला न्यायचा, जुन्या कपड्यांवर बोहारीण स्टीलचं पातेलं द्यायची, आणि आई तिच्याशी अर्धा तास घासाघीस करायची. विटलेलं पातळ गोधडीत जायचं, गोधडी विरली की पायपुसणं. वस्तूला दारातून पुढची वाट होती. १९९४ साली मी इथे आले ती आईची सवय घेऊन आले, पण इथे दाराशी कुणी येत नाही. डबा धुऊन ठेवला तर तो राहतो. टाकला तर थेट कचऱ्याच्या ट्रकमध्ये जातो, आणि ते मला बघवत नाही.

हे सगळं दुखण्याचं कारण नव्हे, हेही सांगायला हवं. आईच्या हाताखाली आम्ही चार भावंडं वाढलो आणि घर भरलं ते फक्त माझं. ऑफिसात मी एकतीस वर्षं हिशेब पाहिले, माझ्या टेबलावर कधी एक कागद जास्तीचा नसायचा. घरी मात्र पोस्टातून आलेलं पाकीट हातात घेतलं की ठरतच नसे. हे ठेवायचं का? कुठे? उद्या लागलं तर? मग ते 'सध्यापुरतं' टेबलावर. २०१५ साली हे गेले आणि त्यानंतर 'सध्यापुरतं' घरभर पसरलं. गटाकडे गेले तेव्हा बैठकीच्या खोलीत अंग तिरकं करून जाण्याइतकीच वाट होती. न्हाणीघरातल्या टबात खोके होते. चार बर्नरच्या शेगडीतला एकच वापरता येत होता, बाकी तिन्हींवर डबे.

मुलानं एकदा घर आवरलं होतं. २०१९ साली बहिणीच्या ऑपरेशनसाठी मी डोंबिवलीला गेले, तेव्हा त्यानं मित्रांना घेऊन दोन ट्रक भरून सामान काढलं, भिंतींना रंग दिला, फुलं आणून ठेवली. प्रेमानं केलं त्यानं, यात मला कधीच शंका नव्हती. पण मी दारातून आत आले आणि माझे पाय लटपटायला लागले. आजही कुठलीही वस्तू सापडली नाही की पहिला विचार येतो, ती त्या ट्रकमध्ये गेली. तीन महिने मी त्याच्याशी नीट बोलले नाही आणि दीड वर्षात घर पहिल्यापेक्षा जास्त भरलं. असं दुसऱ्यानं परस्पर आवरलेलं घर टिकत नाही हे या विषयातले जाणकार सांगतात. कुणाची आई, सासू, काका असे असतील तर कृपा करून ट्रक बोलावू नका.

शेवटी माझ्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंनी विषय काढला, कारण घरातच पडून माझं मनगट मोडलं होतं. त्यांनी सांगितलं की २०१३ पासून हा स्वतंत्र आजार म्हणून नोंदला जातो, त्याआधी तो मंत्रचळेपणाचाच एक प्रकार धरत. शंभरात दोन-तीन माणसांना असतो, वाढत्या वयाबरोबर वाढत जातो, आणि खास यासाठी मान्यता मिळालेलं औषध नाही. उपाय म्हणजे बोलणं, सराव आणि हात. हे 'हात' त्यांनी दोन्ही हात वर करून दाखवले ते मला लक्षात राहिलंय.

नाव नोंदवल्यावर सात महिने थांबावं लागलं. हा माझा पहिला आक्षेप. एवढं धैर्य गोळा करून माणूस फोन करतो आणि त्याला सांगतात, पुढच्या फेब्रुवारीत. मधल्या काळात किमान एखादा फोन यायला हवा होता.

गटात आम्ही अकरा जण. एक निवृत्त शिक्षक, एक नर्स, एक माझ्या मुलाच्या वयाचा मुलगा जो सायकलींचे सुटे भाग साठवायचा. वर्कशॉप ज्या पुस्तकावर चालतं ते डेव्हिड टोलिन, रँडी फ्रॉस्ट आणि गेल स्टेकेटी या तीन तज्ज्ञांचं, तेही ज्यांना हा त्रास आहे त्यांनी स्वतः वापरावं म्हणून लिहिलेलं. दर आठवड्याला एक प्रकरण वाचून यायचं, घरचा अभ्यास करायचा आणि बुधवारी त्यावर बोलायचं. चालवणारे गृहस्थ डॉक्टर नव्हते. ते स्वतः यातून गेलेले. सुरुवातीला मला हे खटकलं, आपण शिकलेल्या माणसाकडे आलो नाही असं वाटलं. नंतर वाचलं की इथल्याच सॅन फ्रान्सिस्को परिसरात ३२३ लोकांवर अभ्यास झाला होता, तो २०१८ साली प्रसिद्ध झाला, आणि आजारातून गेलेल्यांनी चालवलेले गट मानसतज्ज्ञांनी चालवलेल्या गटांपेक्षा कमी पडले नव्हते. माझ्यापुरतं सांगायचं तर तिसऱ्या बुधवारी ते म्हणाले, "माझ्याकडे शॉवर होता, पण मी चार वर्षं जिममध्ये आंघोळ करायचो." त्या वाक्यानंतर मी पहिल्यांदा टबाबद्दल बोलले. डॉक्टरपुढे बोलले नसते.

पहिल्याच दिवशी त्यांनी फोटो समोर ठेवले. बैठकीची खोली, स्वयंपाकघर आणि झोपायची खोली, प्रत्येकीचे नऊ फोटो, १ म्हणजे मोकळी आणि ९ म्हणजे छतापर्यंत. आपली खोली कुठल्या फोटोसारखी आहे तो आकडा लिहायचा. ४ किंवा त्याच्या वर आकडा आला की मदतीची गरज आहे असं धरतात. मी लिहिलं: ६, ५, ७. पेन खाली ठेवलं आणि बराच वेळ वर पाहिलं नाही. तोवर माझ्या घराला मी 'जरा पसारा' म्हणत होते.

घरच्या अभ्यासातल्या दोन गोष्टींचा मला फार उपयोग झाला. एक म्हणजे न घेता परत येण्याचा सराव. आधी फक्त दुकानावरून जायचं. पुढच्या वेळी आत एक चक्कर मारून बाहेर. मग आवडलेली वस्तू हातात घ्यायची, आणि परत ठेवून यायचं. माझी जागा म्हणजे आपलं भारतीय किराणा दुकान, तिथला मागचा स्टीलच्या डब्यांचा कप्पा. मी एक सात नंबरचा डबा घेतला, झाकण लावून पाहिलं, ते असं घट्ट बसलं की माझा हातच सुटेना. गटानं दिलेले प्रश्न पर्समध्ये कागदावर होते: असे किती आहेत, ठेवायला जागा कुठली, या आठवड्यात वापरणार का. घरात असे चौदा होते. डबा ठेवला आणि गाडीत येऊन रडले. त्याच दुकानात पुढच्या महिन्यात मी कोथिंबीर आणि ताक घेऊन वीस मिनिटांत बाहेर आले होते.

दुसरी गोष्ट प्रयोगाची. एक वस्तू टाकायची, टाकण्याआधी किती त्रास होईल ते शंभरपैकी लिहायचं, मग दुसऱ्या दिवशी आणि आठवड्यानं खरा त्रास किती झाला ते लिहायचं. मी श्रीखंडाचा रिकामा डबा निवडला, झाकण नसलेला. अंदाज लिहिला ८५. दुसऱ्या दिवशी ४०. आठवड्यानं वही उघडली तेव्हा डबा आठवायला वेळ लागला. मी आकड्यांची माणूस आहे. "काही होत नाही गं" असं मला शंभर जणांनी सांगून झालं होतं, त्याचा उपयोग नव्हता. माझ्याच अक्षरातले ८५ आणि शून्य शेजारी शेजारी दिसले, त्याचा झाला.

गटातल्या उणिवाही सांगते. दर बुधवारी छापील कागद वाटायचे, आणि आमच्यापैकी निम्म्यांचं दुखणंच कागद. सहाव्या आठवड्यात मी तक्रार केली तेव्हा प्रत्येकाला एक फाइल मिळाली, ती पहिल्या दिवशी द्यायला हवी होती. सगळं इंग्रजीत आहे. मला चाललं, पण माझ्या वयाच्या किती तरी आजी इथे मुलांकडे राहतात, त्यांना घरच्या भाषेत मन मोकळं करता आलं नाही तर गटात बसून काय मिळणार? आणि दोन तासांत अकरा जण म्हणजे वाट्याला दहा मिनिटं. नर्सबाईंच्या बहिणीचं निधन झालं त्या आठवड्यात त्यांना मधेच थांबवलं गेलं, ते मला आवडलं नाही.

नुसत्या गटावर मी थांबले असते तर मला सगळं समजलं असतं आणि घर होतं तसंच राहिलं असतं. हे अनेकांचं होतं. बुधवारी खुर्चीत बसून नीट उत्तरं येतात, घरी जाऊन ढिगासमोर उभं राहिलं की डोकं बंद. म्हणूनच गटाला घरच्या मदतीची जोड द्यायची कल्पना पुढे आली. स्टॅनफर्ड विद्यापीठात मानसोपचारतज्ज्ञ कॅरोलिन रॉड्रिग्ज यांच्या चमूनं तसा एक छोटा अभ्यास केला आहे, अगदी मोजक्या लोकांवरचा, पण निकाल आशा वाटावी असा. माझ्या बाबतीत तरी खरं काम घरीच झालं.

मदतनीस साधारण पन्नाशीच्या, मेक्सिकोतून लहानपणी आलेल्या. पहिल्या दिवशी त्यांनी कशालाही हात लावला नाही. वाटेतून तिरक्या होत आत आल्या, उभ्या राहिल्या आणि विचारलं, "तुम्हाला चहा कुठे बसून प्यावासा वाटतो?" मी काय उत्तर देणार? चहा मी पलंगाच्या कडेवर बसून पीत होते. मी खिडकीकडे बोट दाखवलं. तिथे जेवणाचं टेबल होतं, खोक्यांखाली. "मग तिथून सुरू करू," त्या म्हणाल्या. आधी मात्र दारापासून झोपायच्या खोलीपर्यंत तीन फूट रुंद वाट करायची, कारण आग लागली तर बाहेर पडता आलं पाहिजे. आधी जीव, मग टेबल, असा त्यांचा क्रम.

त्यांचा नियम एकच आणि तो त्यांनी एकदाही मोडला नाही. विचारल्याशिवाय वस्तू उचलायची नाही. "हात लावू?" हे दोन शब्द मी त्या आठ भेटींत हजारदा ऐकले असतील. त्या टाका म्हणत नसत, ठेवा म्हणत नसत. विचारत. दोन तासांत शेगडीएवढी जागा मोकळी व्हायची, कधी तेवढीही नाही. मुलाच्या दोन ट्रकांपुढे हे काहीच नाही, पण जी जागा मोकळी झाली ती आजही मोकळी आहे.

चौथ्या भेटीतलं सांगते. पलंगाखालून सुती पातळांची दोन बोचकी निघाली. माझी, सासूबाईंची, आईची काही. गोधडीसाठी ठेवलेली. बाईंना गोधडी माहीत नव्हती, म्हणून आधी समजावून सांगितलं, थर कसे लावतात, धावदोरा कसा बाहेरच्या कडेनं घालत घालत मध्यापर्यंत नेतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, घाई केली नाही. मग विचारलं, "एका गोधडीला किती लागतात?"

"पाच. फार तर सहा."

"इथे किती आहेत? मोजूया का?"

आम्ही जमिनीवर बसून मोजली. अडतीस. प्रत्येक पातळ मी उलगडलं. एकाच्या पदराला आईनं घातलेला रफू होता, इतका बारीक की बोटाला लागतो पण डोळ्याला दिसत नाही. एकाला कापूर आणि डांबरगोळीचा मिश्र वास. बाई शेजारी बसून होत्या, घड्याळाकडे न बघता. मग त्या म्हणाल्या, "यातल्या कुठल्या सहांची गोधडी पांघरायला तुम्हाला आवडेल?" तोवर मला सगळे विचारत आले होते की यातलं टाकायचं काय. निवडायचं काय, हे कुणी विचारलं नव्हतं. सहा निवडायला मला पाऊण तास लागला. रफूचं पहिलं घेतलं.

उरलेल्या बत्तीसांना मी कचऱ्यात किंवा दान-दुकानाच्या पेटीत टाकू शकत नव्हते, तसं सांगितलंही. पुढच्या भेटीपर्यंत बाईंनी शोधून काढलं की इथल्या ग्रंथालयात गोधड्यांसारख्या रजया शिवणाऱ्या बायका जमतात आणि त्यांना मऊ सुती कापड हवं असतं. आम्ही दोघी जाऊन देऊन आलो. एकीनं आईचं निळं पातळ गालाला लावून पाहिलं. मला बोहारणीची आठवण झाली. वस्तूला पुढची वाट मिळाली की माझा हात सुटतो, हे मला माझ्याबद्दल तेव्हा कळलं, आणि बाईंनी त्यानंतर प्रत्येक ढिगासाठी आधी वाट शोधली. डबे एका शाळेच्या चित्रकलेच्या वर्गाला, मराठी पुस्तकं मंडळाच्या कपाटाला, खोके एका घर बदलणाऱ्या कुटुंबाला.

एक भेट वाईट गेली. बाई आजारी होत्या म्हणून बदली माणूस आला. त्यानं आल्या आल्या एक पिशवी उचलली आणि म्हणाला, "हे तर सरळ टाकूनच देऊ." पिशवीत यांची औषधांची जुनी चिठ्ठी होती. मी त्याला परत पाठवलं आणि संस्थेला कळवलं. त्यांनी माफी मागितली, ती भेट मोजली नाही. बदली माणूस पाठवायचा तर त्याला तोच नियम शिकवून पाठवा, एवढंच माझं म्हणणं आहे. आणि आठ भेटी फार कमी आहेत. वीस वर्षांचं सोळा तासांत होत नाही.

पैशांचं: गट मोफत, पुस्तक आपलं आपण घ्यायचं. घरची मदत उत्पन्नाप्रमाणे, मला दोन तासांचे ३५ डॉलर पडले. आठ भेटी संपल्यावर मी महिन्याला एक भेट चालू ठेवली आहे.

वर्कशॉपच्या आधी आणि नंतर २३ प्रश्नांची एक तपासणी भरून घेतात, ९२ पैकी गुण, साधारण ४१ च्या वर म्हणजे आजार. माझे ६३ होते, ४६ झाले. म्हणजे आजार गेलेला नाही. फोटोंचे आकडे ६, ५, ७ होते ते आता ३, २, ५. झोपायची खोली अजून अवघड आहे. पण टबात पाणी भरता येतं. शेगडीचे चारही बर्नर चालू आहेत, आणि गणपतीत मी एका वेळी वरण, भाजी आणि उकडीचे मोदक केले. मुलगा आला होता. खिडकीजवळच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसला, इकडे तिकडे पाहिलं आणि म्हणाला, "आई, मला विचारायला हवं होतं तुला." मी त्याला आणखी एक मोदक वाढला.

भारतात कुणाला घरच्या माणसाबद्दल ही शंका असेल तर सुरुवात म्हणून सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, तिथे मराठीतून बोलता येतं. गट शोधाल तेव्हा हे जरूर विचारा की घरी कुणी येणार का, आणि येणारा माणूस विचारून हात लावतो का.

गोधडीचे थर लावून झाले आहेत, धावदोरा दुसऱ्या फेरीला आला आहे. गॅरेजमध्ये यांचे अकरा खोके आहेत, दहा वर्षांत एकही उघडलेला नाही. बाई येत्या गुरुवारी दहा वाजता येणार आहेत. पहिल्या खोक्यावर यांच्या अक्षरात 'वायरी' लिहिलंय, त्यापासून सुरू करायचं ठरलं आहे.